दगडातलं मीठ

शुक्रवारी सकाळी दाराची कडी वाजली तेव्हा मी सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होते. हात तसेच धरून आतूनच ओरडले, "उघडं हाय, ये!" शुक्रवारी त्या वेळेला आमच्या दारावर भाईशिवाय दुसरं कुणी येत नाही. दुखानच्या तेलाच्या कँपातून कंपनीची गाडी सुटते, जुम्म्याच्या नमाजाआधी तो दोह्याला पोचतो, चपला वाट्टेल तिकडे भिरकावतो आणि सलाम करायच्या आधी "काय शिजतंय?" म्हणून विचारतो. पण त्या दिवशी कुणी आत आलं नाही. बाहेर गेले तर कंपनीचा म्हातारा पठाण ड्रायव्हर उभा, हातात भाईची खाकी पिशवी. मी पिशवीकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. गाडी रिकामी होती. "बहन, साहब तो..." तो थांबला, आणि मग इथला रोजचा शब्द त्याच्या तोंडून निसटला, "खलास."

मला त्या माणसाचा इतका राग आला! रॉकेल संपलं की खलास, पाणी संपलं की खलास, दुकान बंद झालं की खलास, आणि माझा भाऊ मेला तरी खलासच. नंतर माझ्या लक्षात आलं की म्हातारा रडत होता आणि त्याला माझ्याशी बोलायला तेवढाच शब्द सापडला होता. भाई झोपेतच गेला होता, कँपातल्या त्याच्या खोलीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर त्याला इथल्याच कब्रस्तानात ठेवलं. बायका जात नाहीत, मी घरीच होते. हळद लावलेले मासे तसेच परातीत पडले होते आणि त्यांचं काय करायचं ते मला रात्रीपर्यंत कळलं नाही.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. गावाहून पत्रं येतात. तेलाच्या कंपनीतला मोठा साहेब गेला, रत्नागिरीचं नाव गेलं, असं बरंच काही त्यांत असतं. वाचून मला हसू येतं आणि मग वाईट वाटतं. भाई मोठा साहेब नव्हता. तो दगडांचा जाणकार होता, शिकून-सवरून झालेला, आणि ज्या दगडांवर त्याचा जीव होता ते सोडून भलत्याच दगडांच्या गावात तो पंधरा-सोळा वर्षं अडकून पडला. ज्या पुरवणीसाठी हे लिहितेय तिच्या वाचकांना मोठ्या साहेबाची गोष्ट जास्त आवडली असती. पण मी त्याची बहीण आहे, मला खरी माहीत आहे ती सांगते.

लहानपणापासून त्याला दगडांचं वेड. आमच्याकडे वर जांभा आणि खाली काळा कातळ. भाईचा लळा त्या काळ्या कातळाशी. नवीन विहीर खणली जायची तिथे हा जाऊन बसायचा, सुरुंगाने उडालेले तुकडे खिशात भरून आणायचा, आणि आई त्याच्या विजारीचे फाटके खिसे शिवता शिवता त्याचा उद्धार करायची. पुढे मुंबईला कॉलेजात गेला, भूगर्भशास्त्र घेतलं, एम.एस्सी.चा प्रबंध आपल्या सह्याद्रीच्या काळ्या थरांवर लिहिला. पास झाला आणि मग कळलं की काळ्या थरांवर जीव लावणाऱ्याला नोकरी कुणी देत नाही. दिली ती कतारच्या तेल कंपनीने. वडील थकलेले, पाठचे दोन भाऊ शाळेत. "दोन वर्षं जातो, मग परत येऊन कातळावर काम करतो," असं म्हणून तो बोटीत बसला. पाठोपाठ माझं लग्न झालं. आमचे हे दोह्याच्या बंदरावर एका व्यापाऱ्याकडे कारकून, म्हणून मीही इथेच आले.

त्या काळचं दोहा आज सांगून पटायचं नाही. आमच्या दोन खोल्या, मध्ये अंगण, चारी बाजूंना उंच भिंती, आणि रस्त्याच्या बाजूला एकसुद्धा खिडकी नाही. आभाळ तेवढं दिसायचं. सूकला, म्हणजे बाजारात, जायचं तर ह्यांच्याबरोबर, आणि हे दिवसभर बंदरावर. वारा सुटला की दारं-झरोके चिंध्यांनी बंद करून आत बसायचं, तरी भातात वाळू लागायची. आमचे पासपोर्ट व्यापाऱ्याच्या पोलादी कपाटात आणि भाईचा कंपनीच्या तिजोरीत. मालकाने हो म्हटल्याशिवाय गाव सोडता येत नसे. "कपाटावर पंखा हाय," भाई म्हणायचा, "आपले पासपोर्ट आपल्यापरीस मजेत हायत." तो हसायचा, मीही हसायचे, आणि भिंती होत्या तेवढ्याच उंच राहायच्या.

त्याचं काम काय, ते मी त्याला पहिल्याच वर्षी विचारलं. त्याने खिशातून काचेची एक बारकी नळी काढली. आत पांढरी भुकटी. जमिनीत खोल भोक पाडतात तेव्हा जे पीठ वर येतं ते हे. ते बघून खाली कुठला दगड आहे ते त्याने सांगायचं. रोज पांढरं पीठ, कधी पिवळसर, क्वचित करडं.

"बाय, तुला कुणी तांदळाचं पीठ दाखवून शेताचा बांध कुठे हाय विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन की शेत विका आणि मना भाकऱ्या करू द्या."

यावर तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दगड हातात नाही, फक्त पीठ, याचं त्याला खरंच दुःख होतं. जिथे कातळच नाही अशा देशात आपण आलो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा.

आणि मग ती पेटी आली. भाईचा पहिल्या वर्षाचा साहेब एक इंग्रज होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. तो कंपनी सोडून विलायतेत पुन्हा शिकवायला गेला होता आणि दर उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर जायचा. त्या बेटावर काळ्या दगडाचे थरावर थर आहेत, आपल्या घाटासारखेच, पण माणूस नाही, झाड नाही, नुसता बर्फ आणि पक्षी. भाईचा प्रबंध प्रोफेसरने वाचलेला होता. त्याने बेटाच्या दोन कड्यांवरून आणलेले नमुने पेटीत भरून कंपनीच्या मालाबरोबर पाठवले, आणि लिहिलं की माझ्या विद्यार्थ्यांना या थरांची वर्गवारी जमत नाही, तुझा जन्म असल्या दगडावर झालाय, तू लाव. इकडच्या कड्यातला कुठला थर तिकडच्या कड्यातल्या कुठल्या थराशी जुळतो ते सांग. काम चांगलं झालं तर पुढच्या मोहिमेत तुला माझ्याबरोबर घेतो, आणि तिथून आलास की विद्यापीठात जागा बघतो.

भाईने ते पत्र मला चार वेळा वाचून दाखवलं. कँपात खोलीत तिघं राहायचे, तिथे दगड मांडायला जागा कुठली? पेटी आमच्या घरी आली. दर शुक्रवारी जेवण झालं की माझ्या अंगणात चटया पडायच्या आणि त्यावर कापडी थैल्यांतून ते काळे दगड एकेक करून निघायचे. मी कुरकुर करायचे, कारण नंतर अंगण मलाच झाडायचं असायचं. पण बघायला जाऊन बसायचेही.

"सगळे सारखेच दिसतात," मी म्हटलं.

"घावणं सगळी सारखीच दिसतात काय? तू तव्यावर घावन टाकतेस तेव्हा वरच्या अंगाला जाळी पडते का नाय? तसंच हे. तापलेला रस जमिनीतनं आला, पसरला, त्यातली वाफ वर गेली. वरच्या अंगाला जाळी, खाली घट्ट. मग त्याच्यावर दुसरं घावन, मग तिसरं. मी फक्त सांगायचं, कुठलं घावन कुठं संपलं."

तेव्हापासून मला त्या बेटाचं अप्रूप वाटेनासं झालं. कुणा अवाढव्य सुगरणीने घावणं रचून ठेवलीत आणि खायला कुणी आलेलं नाही, असंच ते माझ्या डोळ्यांपुढे यायचं.

दगड बघायची त्याची एक रीत होती आणि ती मला मुळीच आवडायची नाही. तो दगड चाटायचा. कोरडा दगड मुका असतो, ओला झाला की बोलतो, असं त्याचं म्हणणं. ओलसर दगडात आतले बारीक स्फटिक चमकतात, रंग कळतो, जाळीत काय भरलंय ते दिसतं. पण पाण्याने भिजवायचा तर फार भिजतो, म्हणून जिभेचं टोक लावायचं आणि लगेच भिंगाखाली धरायचं. दगडवाले सगळे असंच करतात म्हणे. मी त्याला म्हणायचे, "इतका शिकलास आणि वासरागत दगड चाटतोस." तो जीभ बाहेर काढून मला वेडावून दाखवायचा आणि पुढचा दगड उचलायचा. घरात असं लहानपणासारखं कुणी वागलं की त्या भिंती थोड्या दूर सरकायच्या.

काम निम्मं झालं आणि रमजान लागला. त्या वर्षी तो उन्हाळ्याच्या तोंडाशी आला होता. रोज्यात भाई दगड कसा चाटणार? एरवी वाद घालणारा, पण रोजा म्हटला की काटेकोर. तोंडात दगडाची चव गेली तरी त्याला चालत नसे. आणि रोजा सुटल्यावर काम करावं तर उजेड नाही; हे दगड दिवसाच बघायचे असतात. तेव्हा पाण्याचा हात लावणं आलं. आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं. गोडं पाणी गाढवावरच्या डब्यांतून यायचं, माठात ठेवायचं आणि जपून प्यायचं. आणि धुण्या-भांड्यांचं विहिरीचं खारं पाणी बादलीत. मी माठातलं पाणी वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवलं.

"उचल ते," भाई म्हणाला.

"अरे, वाटीभर तर हाय."

"बाहेर लोक रोज्यात तडफडतायत आणि मी पिण्याचं पाणी दगडाला पाजू? चैत्रात विहीर आटायची तेव्हा आई काय म्हणायची, इसरलीस?"

आई म्हणायची, पिण्याच्या पाण्याने पाय धुवू नयेत, धुणाऱ्याला मरताना पाणी मिळत नाही. आमच्या गावात हे सगळेच म्हणतात. भाईने वाटी माठात परत ओतली आणि बोटं बादलीच्या खाऱ्या पाण्यात बुडवून दगडाला लावली. शुक्रवारमागून शुक्रवार त्याने तसंच केलं.

रमजानच्या शेवटाकडे एके दिवशी तो अंगणातून ओरडला. मला वाटलं विंचू चावला. जाऊन बघते तर हातात दगड धरून उभा, चेहरा उजळलेला. ज्याला इतके दिवस एकच थर समजत होतो ते दोन थर आहेत, तो म्हणाला. अर्ध्या दगडांच्या जाळीत पांढरं काही भरलंय आणि अर्ध्यांच्या जाळीत काहीच नाही. आपल्या सह्याद्रीतही तसंच असतं; काळ्या कातळाच्या भोकांत पांढरे खडे सापडतात, लहानपणी आम्ही ते खेळायला आणायचो. म्हणजे एकदा रस आला, खूप काळ गेला, भोकं भरली, आणि मग दुसरा रस आला. प्रोफेसरच्या विद्यार्थ्यांना न दिसलेलं त्याला दिसलं होतं. त्याच आठवड्यात त्याने सगळं लिहून पाठवलं, आणि ईदच्या आदल्या दिवशी तारच आली. छान काम. या उन्हाळ्यात आमच्याबरोबर बेटावर चल, कंपनीचा करार संपतोच आहे, नवा करू नकोस.

त्या संध्याकाळी चंद्र दिसला आणि मी माझ्या भावाला अंगणात नाचताना पाहिलं. आमचे हे गंभीर माणूस, तेसुद्धा टाळ्या वाजवत होते. "इन्शाल्ला, बर्फातनं तुला पत्र लिहीन," भाई मला म्हणाला. लग्नाचा विषय निघाला की तो नेहमी टाळायचा, त्या दिवशी स्वतःहून म्हणाला, "बेटावरनं आलो की बग एखादी मुलगी. दगड चाटणारा चालंल का ते आधी इचार."

ईदच्या दिवशी सांदणं झाली, शीरखुर्मा झाला, मंडळी येऊन गेली. दुपारी भाई अंगणात दगड थैल्यांत भरायला बसला. महिनाभर आवरलेली सवय, सहज एक दगड उचलला आणि जिभेला लावला.

तो हलेचना. मी वाट्या विसळत होते, मला वाटलं काहीतरी टोचलं. त्याने दुसरा चाटला, तिसरा चाटला. मग मला हाक मारली आणि म्हणाला, "बाय, ह्यो चाटून बग." मी नाक मुरडलं. "चाट," तो म्हणाला, आणि आवाज असा होता की मी दगड तोंडाला लावला. खारट होता. चुलीजवळच्या बरणीत असतं तसं साधं मीठ. ज्या दगडांना तो पुन्हा पुन्हा खारं पाणी लावत होता त्यांच्या जाळीत पाणी सुकून मीठ साठलं होतं. ज्यांना पाणी लावलंच नव्हतं ते कोरे होते. थर एकच होता. दुसरा थर आमच्या बादलीतून आला होता.

आता हे कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. ह्यांनी त्याला तेच सांगितलं, "एकदा बेटावर पोच, मग तिथं बघून दुरुस्त कर. जगात कुणाचं काय बिघडतंय?" मीही तेच म्हटलं. मला तो सुटायला हवा होता, खोटा थर काढून सुटला असता तरी मला चाललं असतं. भाई ऐकत होता आणि हातातल्या दगडाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने प्रोफेसरला सगळं लिहिलं. पाणी, रोजा, मीठ, सगळं.

मग उत्तराची वाट. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. प्रोफेसर मोहिमेची बोट ठरवायला विलायतेबाहेर गेला आहे हे आम्हाला कुठून कळणार? इकडे करार संपत आलेला. मॅनेजरने सांगितलं, महिनाअखेर सही कर, नाहीतर मुंबईच्या बोटीचं तिकीट घे आणि चालू लाग. गावी वडिलांची नजर त्याच्या मनिऑर्डरकडे, भावांच्या फिया. सही न करावी आणि बेटही हातचं जावं, मग काय? भाईच्या मनाने घेतलं की आपली फजिती झाली आहे. शेवटच्या शुक्रवारी तो जेवला नाही. "सांग मना," तो म्हणाला, "सैपाकघरातलं मीठ ज्याला वळखता येत नाय त्याला कोण घेऊन जाईल?" मी म्हटलं, थांब, आणखी आठवडाभर थांब. तो थांबला नाही. दोन वर्षांची सही करून टाकली.

सहीची शाई वाळते न वाळते तोच पत्र आलं. मी ते पत्र पाहिलं आहे, मला इंग्रजी येत नाही, पण भाईने त्यातली एक ओळ मराठीत सांगितली होती ती तशीच लक्षात आहे. "मीठ ओळखणारी जीभ मला मोहिमेत हवीच आहे, लवकर ये." प्रोफेसर त्याच्यावर हसला नव्हता. उलट ज्या माणसाने स्वतःचा थर स्वतः पुसला त्याच्यावर माझा भरवसा आहे, असंही त्याने लिहिलं होतं.

भाई पत्र घेऊन मॅनेजरकडे गेला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याने चहा पाजला म्हणे. पण सही झाली होती, बदली माणूस नव्हता आणि पासपोर्ट तिजोरीत होता. रजा? नव्या कराराच्या पहिल्या वर्षात रजा नाही. त्या उन्हाळ्यात बेटावरच्या मोहिमेला बोट निघाली तेव्हा भाई दुखानच्या शेडमध्ये पांढरं पीठ बघत होता. आणि दोन वर्षांनी करार संपला तोवर प्रोफेसर आजारी पडून निवृत्त झाला होता, मोहिमा बंद झाल्या होत्या. नवा माणूस भाईला ओळखत नव्हता. मग पुढची सही झाली, मग त्याच्यापुढची. त्या सहीआधी तो जेवला नव्हता, नंतरच्या सह्या तो उभ्या उभ्या करायचा. लग्नाचं मी दोनदा काढलं. दुसऱ्यांदा तो इतका चिडला की मी पुन्हा काढलं नाही.

सगळे दगड धुऊन-पुसून प्रोफेसरकडे परत गेले. एक मात्र भाईने मागून घेतला. मुठीत मावेल एवढा, वरच्या अंगाला जाळी पडलेला, जाळीत पांढरं मीठ. माझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर फळी आहे, तिच्यावर ठेवला आणि मला बजावलं, "ह्याला पाणी लावू नको." दर शुक्रवारी जेवण झालं की तो फळीकडे जायचा, दगड उचलायचा, जिभेचं टोक लावायचा आणि म्हणायचा, "हाय अजून." पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा हसून म्हणाला होता, "हे मीठ चाटून संपलं की माझी शिक्षा संपली. त्या दिवशी मी इथनं सुटलो समज." मी ते थट्टेत घेतलं. थट्टाच होती ती, सुरुवातीला.

वर्षं गेली. दोह्यात वीज आली, गोड्या पाण्याचा नळ आला, गाढवं गेली; धुण्या-भांड्यांना मात्र विहिरीचं खारंच राहिलं. रस्त्याकडे खिडकी असलेलं घर आम्हाला मिळालं, तिथेही मी चुलीवर तशीच फळी मारून घेतली. भाईचे केस पांढरे झाले. हिवाळ्यात उत्तरेचा शमाल सुटला की तो अंगणात जाऊन त्याच्याकडे तोंड करून उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, तुझ्या बेटावरनं येतोय वारा. त्यावरही हा माझाच मास्तर. "बेटावरनं कसला? इराकातनं येतो. भूगोल शिकलीस का नाय?" पण उभा राहायचा तो राहायचाच.

जाण्याआधी तीन-चार आठवडे असेल. जेवणं झाली होती, हे आत पडले होते, मी ताटं घेऊन मोरीकडे चालले होते. भाई फळीपाशी होता. त्याने दगड चाटला. नेहमीचं "हाय अजून" आलं नाही. त्याने पुन्हा चाटला, दगड फिरवून दुसऱ्या बाजूने चाटला. मग इकडेतिकडे न बघता मोरीपाशी वाकला, धुण्याच्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत बोटं बुडवली, दगडाच्या जाळीवर ते पाणी ठिबकवलं आणि दगड होता तसा फळीवर ठेवला. हात इतका सरावलेला होता की मला कळलं, हे आज पहिल्यांदा होत नाहीये.

"भाई!" मी म्हटलं.

चोरी पकडलेल्या पोरासारखा तो वळला. "संपत आलं होतं," तो म्हणाला.

"मग संपू दे ना! इतकी वर्षं..."

तो स्टुलावर बसला. ओली बोटं विजारीला पुसली. "संपल्यावर काय करू, बाय? आता मी कुठं जाऊ?"

ताटं तशीच हातात होती. इतकी वर्षं मी कंपनीला शिव्या देत होते, मॅनेजरला, तिजोरीला, या वाळूला. दार कधीतरी उघडं पडलं असेल आणि माझ्याच भावाने ते आतून लावून घेतलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी त्याला चहा करून दिला. त्यानंतरचे दोन-तीन शुक्रवार आम्ही त्यावर बोललो नाही, आणि मग तो पठाण ड्रायव्हर दारात उभा राहिला.

इथल्या कबरींवर नाव नसतं. उशाला एक साधा दगड, तोही इथलाच पांढरा. सगळ्या कबरी सारख्या दिसतात. चाळिसाव्या दिवसाच्या आधी हे मला म्हणाले, "तो काळा दगड देतेस? उशाला ठेवतो, म्हणजे आपल्याला वळखता येईल." बोलणं रास्त होतं. मी फळीवरचा दगड काढला. हातात धरला आणि देववेना. म्हटलं, आज नको.

ते गेल्यावर मी दगडाला जीभ लावली. खारट होता, चांगलाच. त्याने शेवटच्या शुक्रवारीही पाणी घातलं असणार. मी खूप रडले. भाई गेल्यापासून इतकी रडले नव्हते. मग उठले. नळाला गोडं पाणी आता चोवीस तास असतं, पण मी अजूनही माठ ठेवते, सवय. माठातलं पाणी तांब्यात घेतलं. पिण्याचं पाणी. वाटीभरसुद्धा त्याने दगडाला लावू दिलं नव्हतं ते. मोरीत बसले आणि दगडावर ते ओतलं, बोटाने जाळी चोळली, पुन्हा ओतलं. एक तांब्या झाला, दुसरा घेतला. आई असती तर ओरडली असती. मी चाटून बघायचे, खारट लागायचा, पुन्हा पाणी घालायचे. माठ निम्म्यावर आला तेव्हा जिभेला नुसता दगड लागला.

दगड ओला होता, म्हणून खिडकीपाशी उजेडात धरला. काळ्याभोर अंगात बारीक बारीक स्फटिक चमकत होते. इतक्या वर्षांत मी तो असा कधी बघितलाच नव्हता, त्याला पाणी लावायची मनाई होती ना. संध्याकाळी हे आले तेव्हा तो दगड मी त्यांच्या हातात ठेवला. "धुतलास?" ते म्हणाले. "हो," मी म्हटलं, "आता घेऊन जा."